फ्लेक्सवर लागलेली नोकरी

आमच्या घरात बारावीच्या पलीकडे गेलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लोक आपल्या घरच्या चार-चार पिढ्यांचं शिक्षण चहा पिता पिता काढतात, मग मी माझ्या एका पिढीचं का सांगू नये? बीएस्सी मी गावाहून एसटीनं येऊन-जाऊन केली. मग शिष्यवृत्ती मिळवून परदेशात एमएस्सीला गेले. विषय माती.

आजीला हे कधीच पटलं नाही.

"माती इथी सरली काय वो?"

"सरली नाई आजी. तिचा अभ्यास करा लागते."

"तुह्या बापानं जलमभर धानाच्या बांधीत चिखल तुडवला. त्याले तं कोणी विमानात नाई बसवलं."

मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

शेवटच्या सत्रात माझ्यापुढे दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, माझा प्रकल्प आणि त्याचं सादरीकरण. कोळसा काढताना वरची माती आणि दगड उकरून बाजूला ढीग घालतात, चंद्रपूरकडे जाताना डोंगरासारखे दिसतात ते. त्या ढिगांवर लावलेली झाडं का मरतात, हा माझा विषय. दुसरी गोष्ट म्हणजे 'करिअरची तयारी' नावाचा एक सक्तीचा कोर्स. त्यात पास झाल्याशिवाय डिग्री नाही आणि डिग्रीशिवाय नोकरी नाही, एवढं सरळ होतं. नोकरीची आशासुद्धा एकच होती: सादरीकरण ऐकायला एका कंपनीच्या बाई बसणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर त्या घेणार होत्या.

त्या ढिगांच्या मातीचे नमुने गोळा करायला मी त्या हिवाळ्यात घरी आले होते, आणि सादरीकरण इथूनच व्हिडिओवर करायची परवानगी मिळाली होती. म्हणजे परदेशी शिक्षणाचा शेवट आमच्या मुलखात झाला म्हणायचं.

करिअरच्या कोर्सचा अभ्यास घरच्यांसमोर करणं ही चूकच होती. बायोडाटा बघून बाबा अस्वस्थ झाले.

"फोटो नाई. जात नाई. बापाचं नाव नाई. मंग तू कोणाची हाय, हे त्याह्यले समजन कसं?"

"तिकडे तसं लिहीत नाई बाबा."

"मंग शिष्यवृत्तीच्या फारमात बापाचं नाव कायले विचारत होते?"

दुसरा धडा होता लिफ्टचा. म्हणजे असं समजायचं, की लिफ्टमध्ये एखादा मोठा साहेब भेटला, तर तो वरच्या मजल्यावर उतरेपर्यंत आपण कोण, काय येतं, काय पाहिजे, हे सगळं सांगून टाकायचं. मी आईसमोर उभी राहून सराव करायला लागले. आईनं मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"अनोळखी मानसासंग लिफ्टमधी एवढं बोलाचं कायले?"

"नोकरीसाठी."

"गप उभी राहजो. दार उघडलं का उतरजो."

नमुन्यांच्या पिशव्या मी खाटेखाली ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर क्रमांक. एके दिवशी आईनं त्यातली एक पिशवी उपसून चूल लिपली. म्हणाली, बारीक माती दिसली, वाया कायले जाऊ द्याची. दुसऱ्या दिवशी चुलीला बोट जाईल एवढे तडे. आईनं त्याचा दोष परदेशी शिक्षणाला दिला. मी मात्र चुलीचा फोटो काढून ठेवला, कारण त्या ढिगाच्या मातीत धरून ठेवणारं काहीच नाही हे एवढं स्पष्ट दाखवणारं चित्र माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा मिळालं नव्हतं.

आता फ्लेक्सकडे येते.

माझ्या चुलत भावाचं वडशाला, आमच्या जवळच्या तालुक्याच्या गावी, फ्लेक्सचं दुकान आहे. हिवाळ्यात वडशात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचा हंगाम असतो. रस्त्यावर नाटक मंडळ्यांची, म्हणजे इकडच्या भाषेत 'रंगभूमीं'ची, ऑफिसं ओळीनं उघडतात, आणि गावोगावची माणसं मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला तिथे येतात. भाऊ त्या सगळ्यांचे फ्लेक्स छापतो. त्याला एकच प्रकारचं डिझाइन येतं, पण ते फार चांगलं येतं.

मी बाबांना एवढंच म्हटलं होतं, की कंपनीच्या बाई ऐकायला बसणार आहेत, बोलणं होऊ शकतं. बाबांनी काकांना सांगितलं, बोलणं झालं. काकांनी भावाला सांगितलं, लागली.

मी वडशाला गेले तर चौकात माझंच तोंड. मागे पेटलेलं लाल आभाळ, एका बाजूला झोपडी, दुसऱ्या बाजूला झोपडीवर पडतंय की काय असं विमान. मधोमध माझा व्हिसाचा फोटो. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं आणि कान दिसावे लागतात, त्यामुळे मी नवऱ्यानं टाकलेल्या बाईसारखी दिसत होते. वर तडे गेलेल्या अक्षरांत 'लेक गेली माती शिकायला!' आणि खाली, अगदी बारीक, 'परदेशात नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीनं: बाबा, काका, सरपंच, आणि आग्रह करकरून घुसलेली आजी. मग दुकानाचा पत्ता आणि फोन.

"दादा, नोकरी लागली नाई अजून!"

"लागनच नं वो. सीझनमधी मशीन रिकामी भेटत नाई. एक दिवस मोकळा भेटला, छापून टाकला."

"आणि नाई लागली तं?"

"असं वंगाळ बोलू नोको. एवढा मोठा फ्लेक्स हाय."

म्हणजे आता नापास व्हायची सोयच राहिली नाही. सगळ्या वडशाच्या देखत बाबांची मान खाली जाणार होती, आणि बाबा तर रोज सायकलनं त्या चौकातून मुद्दाम हळू जात होते.

सादरीकरण भावाच्या दुकानातूनच करायचं ठरलं, कारण चांगलं इंटरनेट तिथेच. तिकडे सकाळ, इकडे दिवेलागण. मी लॅपटॉप काउंटरवर लावला. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि फ्लेक्सच्या रोलवर बसले. तेवढ्यात तीन जण दुकानात शिरले. खांद्यावर दुपट्टे, पायात धुळीच्या चपला. नाटक ठरवायला निघालेलं कुरखेड्याकडच्या एका गावाचं मंडळ होतं, आणि पुढे होते ते अध्यक्ष.

"भाऊ, हे 'लेक गेली माती शिकायला' कोन्या रंगभूमीचं हाय?"

भाऊ धंदेवाईक. हे नाटक नाही असं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून तो म्हणाला, "बसा, चहा घ्या."

अध्यक्षांचं लक्ष बाबांकडे गेलं.

"अरे, हे तं फ्लेक्सवरचे! बापाचा पार्ट तुमचाच काय भाऊ?"

"हो," बाबा म्हणाले. "बापच हाय मी."

"शोभते."

बाबा खूश झाले. आणि माझ्याकडे बघून अध्यक्ष म्हणाले, "हे नटी होय. फोटोत जास्त दुखी दिसते."

मी ओरडणार होते, पण पडद्यावर प्राध्यापक आणि कंपनीच्या बाई दोघेही दिसायला लागले होते. मला मिळालेली वेळ होती पंधरा मिनिटं. मी भावाला खुणेनं सांगितलं, यांना गप बसव. त्यानं मंडळाला सांगितलं, "तालीम हाय, चूप पाहा." आणि तिघे माझ्यामागच्या बाकावर बसले. कॅमेऱ्यात ते तिघेही चांगले दिसत होते, हे मला कळलं नाही.

मी इंग्रजीत सुरू केलं. सुरुवातीला मागून फक्त बशीतून चहा ओढल्याचे आवाज. मग ढिगांचे फोटो आले.

"पडदा चांगला हाय," अध्यक्ष कुजबुजले. त्यांची कुजबुज रेल्वे फाटकापर्यंत जाईल अशी होती. "डोंगर खराखुरा वाटते."

"बोलते काय ते, समजून नाई राह्यलं," दुसरा म्हणाला.

"विलायती शिन असन. मराठी पुढं येईन."

मी घाम पुसत पुढे गेले. आकडे आले, आलेख आले, मंडळाला जांभया आल्या. मग चुलीचा फोटो आला, आणि बाकावर जान आली.

"हे चूल कोणी लिपली बे?"

"मातीत धानाचा भुसा टाकला नाई."

"भुसा नाई, शेण टाका लागते."

"शेणानं काय होते? तुह्या घरची चूल पाहिली मी. इकडून उंदीर जाते, तं तिकडून निंगते."

"अन् तुह्या घरी तं चूलच दिसत नाई. धूरच दिसते नुसता!"

प्राध्यापकांनी मला थांबवलं. मागचे लोक कशावर भांडत आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सरळ स्वभावाची. खोटं मला पटकन सुचत नाही. म्हटलं, माझ्या प्रकल्पावरच भांडत आहेत. या मातीत भुसा मिसळावा की शेण, हा वाद आहे. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, त्या दोघांना आपापलं म्हणणं सांगायला सांग.

म्हणजे आता मला अनुवाद करणं आलं. भुसा सोपा गेला. उंदीरही गेला. अध्यक्षांनी मध्ये पडून दोघांच्या बायकांचा विषय काढला, तो मी गाळला. बाबांना राहवेना, तेही उठून कॅमेऱ्यासमोर आले आणि प्राध्यापकांना हात जोडून म्हणाले, "पोरीले पास करा साहेब." याचा अनुवाद मी केला नाही, पण हात जोडलेले सगळ्यांना समजले.

कंपनीच्या बाईंनी विचारलं, हे सगळे कोण आहेत?

"पांढऱ्या शर्टाचे माझे वडील. बाकीचे तिघे मला ठरवायला आले आहेत," मी इंग्रजीत म्हटलं. "त्यांना मी नाटक वाटते."

बाईंनी आवाज बंद केला. त्यांचे खांदे हलत होते, त्यावरून त्या हसत आहेत की रागावल्या आहेत, हे मला काही कळेना. वेळ केव्हाच संपली होती. प्राध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं, कळवतो म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

मग अध्यक्षांनी निकाल दिला.

"नटी चांगली हाय. आवाज हाय. पण भाऊ, रडाचा शिन नाई, गानं नाई, कॉमेडीवाला नाई. फ्लेक्सवरची ते बुढी तं आलीच नाई. आमच्या गावात नाई चालनार."

भावानं त्यांना तिथेच सांगितलं की हे नाटक नव्हतंच, पोरीची परीक्षा होती. अध्यक्ष अजिबात ओशाळले नाहीत. "तरीच," म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "मंग पास होशीन वो माय. नाटक म्हणून बेकार होतं, पण परीक्षा म्हणून बरं होतं."

जाताना त्यांनी मंडईचा फ्लेक्स भावाकडे छापायला दिला. धंदा झाला त्याचा. माझं काय?

पुढचे दिवस वाईट गेले. वडशात कुठेही जा, लोक अभिनंदन करत. मी सांगायचे, अजून लागली नाही. लोक म्हणायचे, पाहा, एवढी शिकली पण गर्व नाई. आठ जणांना खरं सांगून झाल्यावर मी सांगणं सोडलं. बाबा चौकातून जायचे बंद झाले. दूरच्या रस्त्यानं दूध घालायला जायला लागले, आणि विचारलं की म्हणायचे, इकडून रस्ता चांगला हाय. तो रस्ता नुसत्या खड्ड्यांचा होता.

मीच एक दिवस भावाला म्हटलं, काढून टाक तो फ्लेक्स. तो म्हणाला, काढला तर लोक म्हणतील नोकरी सुटली. त्यापेक्षा 'लागल्याबद्दल'वर पट्टी चिकटवतो, 'लागत असल्याबद्दल'. पट्टी छापून तयार झाली, शिडी लागली, आणि मी खाली शिडी धरून उभी असताना फोन वाजला. मेल आली होती.

पास. चांगले गुण होते, पण वेळ ओलांडली म्हणून काही कापले होते. त्याच्याखाली कंपनीच्या बाईंचं पत्र. नोकरी देत होत्या. त्यांच्या कंपनीनं खाणीचे ढीग हिरवे करायचं काम घेतलं होतं, आणि आजूबाजूच्या गावांशी बोलू शकेल असं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की मी अवघड श्रोत्यांसमोर चांगली टिकते. कामाचं ठिकाण: चंद्रपूर, म्हणजे आमचं चांदा.

"लागली!" मी ओरडले.

"कुठी?" भाऊ शिडीवरून.

"चांद्याले!"

तो शिडीवरच थांबला. "परदेशात नाई?"

"नाई."

"मंग हे पट्टी चुकीची छापली नं वो!" असं म्हणून तो खाली उतरला.

घरी सांगितलं तेव्हा आनंद झाला, पण जरा अडखळत झाला. आई म्हणाली, "एवढ्या दूर शिकून एवढ्या जवळ?" आजी म्हणाली, "मी तं आधीच म्हणत होती, माती इथी हाय." आणि ती तेवढ्यावर थांबली नाही, शेजारच्या दोन घरीही जाऊन म्हणून आली.

बाबा बैलांना पाणी पाजून आले, हात पुसले, माझ्यासमोर बसले.

"कंपनी तिकडचीच नं? विलायतची?"

"हो."

"अन् तिथी साहेब कोण राहीन?"

"त्या कामावर मीच."

"गाडी भेटन काय?"

"ढिगांवर फिराले जीप भेटन म्हंते."

"जीपवर कंपनीचं नाव राहीन काय? इंग्रजीत?"

"राहीन बाबा."

बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"मंग घरापर्यंत आनजो एकदा. चौकातून आनजो. हळू."