तीन नंबरची पुडी

माझा मामा सदतीस वर्षं एकाच खिडकीत उभा होता. ती खिडकी डॉक्टरसाहेबांची खोली आणि बाहेरची बाकं यांच्यामधल्या लाकडी भिंतीत होती, जेमतेम दोन हात आत जातील एवढी. आतून साहेबांची चिठ्ठी यायची, बाहेर मामाची पुडी जायची. तो कंपाउंडर होता, पण स्वतःला कधी तसं म्हणवून घेत नसे. ‘मी दवाखान्यात असतो’ म्हणायचा, आणि ते अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटावं, दवाखाना याच्यामुळेच चालतो.

त्याच्या मागच्या फळीवर नऊ बरण्या होत्या. एकीवरही औषधाचं नाव नव्हतं, फक्त नंबर. साहेब रोज सकाळी कुलूपबंद कपाटातून त्या स्वतःच्या हाताने भरायचे. पोट बिघडलं की एक, अंग दुखलं की दोन, आणि सर्दी, खोकला, घसा, कणकण यांना तीन. तीन नंबरची बरणी सगळ्यात मोठी, तरी आठवड्यातून दोनदा तळ दिसायचा. लाल-पिवळी कॅप्सूल होती ती. मामाने तिचं नाव कधी विचारलं नाही. दुसऱ्या एखाद्याने पहिल्याच महिन्यात विचारलं असतं. मामाला ते साहेबांवर शंका घेतल्यासारखं वाटायचं.

पुडी बांधावी तर मामानेच. चौकोनी कागद, तीन घड्या, शेवटचं टोक आत खोचलेलं, आणि वर त्याच्या टपोऱ्या अक्षरात तारीख. खिशात उलटी-पालटी झाली तरी उघडायची नाही. गल्लीतले लोक त्याला ‘पुडीमामा’ म्हणायचे आणि मामा त्यावर मनापासून खूश होता. एखाद्याला तीन दिवसांची पुडी दिली आणि तो दोनच दिवसांत बरा झाला, तर उरलेल्या कॅप्सूल परत मागून घ्यायचा, एका डब्यात साठवायचा आणि नात्यात कुणी शिंकलं की तिथे नेऊन द्यायचा. औषध वाया जाऊ नये, हा त्याचा बाणा.

साहेबांविषयीची त्याची एक गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. एकदा साहेबांचा नातू सर्दीने बेजार होता. मामा न सांगता तीन नंबरची पुडी घेऊन त्यांच्या घरी गेला. बाईसाहेबांनी हसून ती परत केली. म्हणाल्या, आमच्याकडे सर्दीला काही देत नाहीत, गरम पाणी द्यायचं आणि झोपवायचं. मामा तिथून भारावून परत आला. ‘बघ कसा माणूस आहे,’ तो मला म्हणायचा. ‘पेशंटच्या वाट्याचं औषध स्वतःच्या नातवालासुद्धा लावत नाही.’

वडील गेल्यावर आई आणि मी मामाच्या दोन घरं पलीकडे राहायला आलो होतो. मी शिंकले की अर्ध्या तासात पुडी हजर. शाळेत असताना घेतली, कॉलेजात गेल्यावरही तो देतच राहिला. ‘तीन दिवस घे, खडखडीत होशील,’ म्हणायचा आणि मी पुडी पर्समध्ये टाकायचे. मी प्रयोगशाळेच्या तंत्राचं शिकावं हा हट्टही त्याचाच. शिकून झाल्यावर गावातल्या मोठ्या लॅबमध्ये लागले ती साहेबांच्या शिफारसपत्रावर. ते पत्र मामानेच मागून आणलं होतं. अजूनही साहेबांच्या दवाखान्यातले नमुने आमच्याच लॅबकडे येतात.

आता जे सांगते ते आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पुस्तकात आहे, म्हणून त्याचा मला जास्त राग येतो. जिवाणू हा स्वतंत्र जीव असतो. त्याला स्वतःची भिंत असते, तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. तीन नंबरच्या जातीची औषधं ती भिंतच बांधू देत नाहीत, म्हणून तो मरतो. विषाणूचं तसं नाही. त्याला ना भिंत, ना स्वतःचा संसार. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करून घेतो. त्याच्यापुढे ही कॅप्सूल ठेवली काय आणि शेंगदाणा ठेवला काय, सारखंच. सर्दी बहुतेक वेळा विषाणूचीच असते आणि आठवड्याभरात आपली आपण जाते. त्या दिवसांत कॅप्सूल घेतली असली की श्रेय कॅप्सूलला. आणि प्रत्येक पुडीगणिक पोटातले साधे, निरुपद्रवी जिवाणू मरतात, चिवट तेवढे मागे उरतात आणि पसरतात. एक दिवस त्यातलेच भलत्या जागी जातात. तेव्हा कॅप्सूलची खरी गरज असते आणि तेव्हाच ती काही करत नाही.

मामीचं तेच झालं. मामाच्या लग्नापासून तिच्या एकाही सर्दीला त्याने पुडीशिवाय जाऊ दिलं नव्हतं. गेल्या वर्षी तिला थंडी वाजून ताप आला, लघवीला आग होऊ लागली, कमरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं. मामाने डब्यातली तीन नंबर दिली. दोन दिवसांनी साहेबांनी पाच नंबर दिली. चौथ्या दिवशी मामी कुणाला ओळखेना, तेव्हा आम्ही तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जंतू किडनीत गेले होते आणि रक्तात उतरायला लागले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नमुना तपासायला पाठवला. तो आमच्या लॅबमध्ये आला आणि माझ्याच टेबलावर.

आम्ही काचेच्या बशीत जंतू वाढवतो आणि त्यावर औषधं मुरवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतो. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती जंतू मरून मोकळं वर्तुळ तयार होतं. मामीच्या बशीत बारा चकत्या होत्या. अकरांना जंतू अगदी खेटून वाढले होते. कडेच्या एकाच चकतीभोवती वर्तुळ होतं. मी हॉस्पिटलला फोन करून त्या इंजेक्शनचं नाव सांगितलं.

मामाला लॅबच्या दारात बोलावून बशी दाखवली. सगळं समजावून सांगितलं: विषाणू, जिवाणू, भिंत, चिवट उरलेले. तो बशीकडे बघत राहिला. तीन नंबरची चकती कुठली, एवढंच त्याने विचारलं. मी बोट ठेवलं. तिच्याभोवती काडीइतकीही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. बाहेरची बाकं भरत होती. मामा सदतीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीत न जाता पेशंटच्या दारातून आत गेला आणि साहेबांसमोर रिपोर्ट ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. वाईट झालं, म्हणाले.

“साहेब, तीन नंबरला काय असायचं?” मामाने विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं.

“सर्दीवर चालतं ते?”

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. “माणूस तापाने फणफणून येतो,” ते म्हणाले. “त्याला सांगू, घरी जा, आपोआप बरा होशील? तो समोरच्या डॉक्टरकडे जातो. मग माझ्याकडे येतो कोण?”

“पेशंटचं राहू द्या. मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू खिडकीत बसून सगळ्यांना सांगत सुटला असतास. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय? तू भरवशाचा होतास, कारण तू विचारत नव्हतास.”

मामाने रिपोर्टची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “नातवाची पुडी परत पाठवली होतीत तुम्ही. मी ते लोकांना कौतुकाने सांगत फिरलो.”

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी नको नको ते बोलले, बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. विश्वासघातकी म्हणाले, माणसाच्या अडाणीपणावर पोसलेला म्हणाले. मामाने मला थांबवलं नाही. त्याने खिडकीची किल्ली टेबलावर ठेवली आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्याने मी बोलतच होते. मामाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, तू होतीस म्हणून बरं, नाहीतर मला मरेपर्यंत कळलं नसतं.

तो हात मला अजून जाणवतो.

इंजेक्शन लागू पडलं. मामी वाचली, पण एक किडनी निकामी झाली. हॉस्पिटलातून सुटल्यावर जिने चढायला नकोत म्हणून तिला माझ्याकडे, तळमजल्यावर आणलं. मामा दिवसभर तिच्या उशाशी बसायचा. माझ्या भोवती पाणी आण, चहा ठेव करत राहायचा, जणू मी त्याच्यावर केवढे उपकार केले होते. शेजाऱ्यांना सांगायचा, भाचीने वाचवलं. मी ते ऐकून घ्यायचे.

एका दुपारी मामीचं अंग त्याला कोमट लागलं. त्याने थर्मामीटर कुठे आहे विचारलं. मी स्वयंपाकघरातून म्हणाले, टेबलाच्या खणात बघ. वरचा म्हणायला विसरले.

बराच वेळ आवाज आला नाही म्हणून बाहेर आले. मामाने खालचा खण उघडला होता. त्यात पुड्या होत्या. तीन घड्या, टोक आत खोचलेलं, वर तारीख. त्याने मला नऊ वर्षांत दिलेल्या सगळ्या. एकही उघडलेली नव्हती. असं औषध कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नये हे शिकले होते, आणि त्याच्या हातची घडी फाडवतही नव्हती, म्हणून साठवल्या होत्या. मामा एकेक उचलून तारखा वाचत होता. सगळ्यात खालची हातात घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला. मामी झोपली होती.

“तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“कॉलेजच्या पहिल्या वर्षी.”

“मामीच्या पुड्या मी तुझ्यासमोरच द्यायचो.”

मी मान हलवली.

“साहेबाला पेशंट जायची भीती होती,” मामा म्हणाला. “तुला कसली होती?”

सांगण्यासारखं बरंच होतं. तुझा थाट मोडवला नसता. आधी शिक्षण होतं, मग ते पत्र होतं, मग लॅबमध्ये येणारे साहेबांचे नमुने होते. एकेक कारण तोंडाशी आलं आणि एकही त्याच्यासमोर उच्चारायच्या लायकीचं वाटलं नाही. साहेबांना मी जे जे म्हणाले होते, ते सगळं मला तेव्हा ऐकू येत होतं.

मामाने पुड्या तारखेप्रमाणे लावून परत खणात ठेवल्या आणि खण हळूच बंद केला, मामी जागी होऊ नये म्हणून. मग वरच्या खणातून थर्मामीटर काढलं. मी ते घ्यायला हात पुढे केला. “राहू दे, मी बघतो,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून मामीचा ताप मोजत बसला.