भांगावर नेतो

आमच्या शाळेच्या इंग्रज बाई ईस्टरच्या सुटीत आमच्याकडे उतरल्या, त्या खांदेरी बेटावरचे समुद्रपक्षी पाहायला. त्यांच्याकडे नकाशा होता, पक्ष्यांचं सचित्र पुस्तक होतं आणि भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं. मराठी तेवढी नव्हती. त्यासाठी मी होते.

थळच्या किनाऱ्यावर एक म्हातारा तांडेल जाळं विणत होता. होडी नेण्याबद्दल मी विचारलं. तो म्हणाला, "पुनव जाऊ द्या, बाय. अष्टमीला भांगावर नेतो."

माझं शिक्षण इंग्रजीतलं. भांग म्हणजे शिमग्याला घोटतात ती, एवढंच मला ठाऊक. पुन्हा विचारायला लाज वाटली. मी बाईंना सांगितलं की हा नशा करून होडी चालवणार आहे. बाईंचा चेहरा आक्रसला. त्यांनी सांगितलं तसं मी चारचौघांत त्याला म्हणाले, "नशा करणाऱ्याच्या होडीत आम्ही बसणार नाही."

तो जाळं विणत राहिला. बाजूचे कोळी मात्र हसले. ताडीलाही न शिवणारा माणूस होता तो, हे मला नंतर कळलं.

कोष्टकात पौर्णिमेचा आकडा सगळ्यात मोठा होता. पाणी जास्त तर होडी बेटाला सहज लागेल, असं बाईंनी ठरवलं. पौर्णिमेला आम्ही दुसऱ्याच्या होडीतून गेलो. लाटा खडकांवर अशा आदळत होत्या की उतरणं अशक्य. पुस्तक भिजलं, पक्षी लांबूनच उडाले. होडीवाला पुटपुटला, "भांग सोडून उधानाला कोन येतंय हितं?" तेव्हा मी विचारलं. अष्टमीच्या सुमाराची मंद भरती, तिला ते भांग म्हणतात.

परतलो तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी म्हाताऱ्याला विचारत होतं, "काय तांडेल, उतरली का भांग?" त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. गुडघाभर पाण्यात येऊन आमची होडी धरली, मला हात दिला आणि म्हणाला, "पाखरं बगायची तर अष्टमीला या, बाय."

बाईंनी विचारलं, काय म्हणतो तो?

एका वाक्यानं त्याचा कलंक पुसला गेला असता.

मी इंग्रजीत म्हटलं, "खडक निसरडे आहेत, जपून उतरा म्हणतोय."

बाईंनी मान हलवून त्याचे आभार मानले. मी त्याचा हात सोडला. अष्टमीला आम्ही गेलो नाही.