दोन चकत्या कमी

माझ्या मावशीला सगळे पुठ्ठेवाली म्हणतात. दुकानदार म्हणतात, नात्यातले म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. एकवीस वर्षं ती एका छापखान्याच्या बांधणी खात्यात होती. डायऱ्या, शाळांची हजेरीपुस्तकं, जाडजूड शब्दकोश तिच्या हातांखालून गेले. मालकांनी बांधणीचं खातं बंद केलं तेव्हा तिला पंचेचाळिसावं लागलं होतं. हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नाही. तिनं घरातली मागची खोली रिकामी केली, छापखान्यातलाच जुना कटर आणून बसवला आणि पुठ्ठ्याच्या पेट्या करायला घेतल्या. घड्याळांच्या, पेनांच्या, दागिन्यांच्या. वरून कागद इतका चोपून बसवायची की जोड कुठे आहे ते नखानंसुद्धा सापडू नये.

चुंबक तिच्या घरात आले ते घड्याळवाल्या दुकानदारामुळे. त्यानं एक पेटी आणून दाखवली. झाकण नुसतं जवळ नेलं की टक् करून आपोआप बसत होतं. असं जमेल का, त्यानं विचारलं. मावशी जमेल म्हणाली. आधी जमेल म्हणायचं आणि मग कसं ते शोधायचं, ही तिची जुनी पद्धत.

आठवड्यानं चुंबकांचं पार्सल आलं. शर्टाच्या बटणाएवढ्या चकचकीत चकत्या, दोन मिलिमीटर जाडीच्या. तिला वाटलं, फ्रिजवर चिठ्ठी लावायला असतात तसलं काहीतरी असेल. पहिल्याच दिवशी दोन चकत्या ओढून वेगळ्या करताना त्या परत एकमेकींवर झेपावल्या आणि मध्ये तिच्या बोटाची कातडी सापडली. बोटाला काळानिळा फोड आला. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या दोन टोकांना ठेवलेले दोन गठ्ठे अंतर जरा कमी होताच धावत येऊन आपटले, आणि उडालेली कपची तिच्या डोळ्याच्या बोटभर खाली लागली. त्या दिवसापासून ती चष्मा घातल्याशिवाय डबा उघडेना. चकती ओढायची नाही, टेबलाच्या कडेवर अंगठ्यानं बाजूला सरकवायची, हे ती हळूहळू शिकली. प्रत्येक दोन चकत्यांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा. फोन आणि बँकेची कार्डं खोलीबाहेर. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, मात्र एकदा आपलं हातातलं घड्याळ त्या टेबलावर काढून ठेवलं, आणि ते दिवसाला दहा मिनिटं पुढे धावायला लागलं. आता मला कुणी उशीर झाला म्हणणार नाही, असं ते महिनाभर सांगत होते.

चकतीची एक बाजू ओढते, दुसरी ढकलते. सुरुवातीला मावशीची गफलत झाली आणि पंचवीस पेट्यांची झाकणं उलटी बसली. जवळ नेलं की लांब पळायची. काका म्हणाले, ह्या पेट्या रुसून माहेरी निघाल्यात. मावशीनं त्या पंचवीसही उकलल्या, पुन्हा केल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक चकतीच्या एका बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायला लागली.

अशी चार-पाच वर्षं गेली. तिचं काम चांगलं नावारूपाला आलं. मग ताईला, म्हणजे मावशीच्या मुलीला, मुलगी झाली. ताई पोस्टात नोकरीला. मुलगी दीड वर्षाची झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस आजी-आजोबांकडे असायची. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण ती आवाज न करता कुठेही पोचायची आणि जमिनीवरचा बारीकसा कणही तिला दिसायचा. मागच्या खोलीत तिला मनाई होती. दाराला वर कडी होती आणि मावशी ती न चुकता लावायची. आपण काळजी घेतोय असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि घेतही होते.

पुढचं मला मावशीनं आणि ताईनं वेगवेगळं सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

त्या दिवशी सकाळी मावशीनं दहा पेट्यांसाठी चाळीस चकत्या बाहेर काढल्या. एका पेटीला चार लागतात. अकराच्या सुमाराला काकांना स्वयंपाकघरातल्या खणात कागद घालायचा होता, म्हणून त्यांनी दारातूनच पट्टी मागितली. मावशीनं टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून दिली आणि पुन्हा कडी लावली. काकांनी कागद मापला, कापला, खणात बसवला आणि पट्टी खालच्या फळीवर ठेवून ते कपडे वाळत घालायला गेले.

साडेबाराला दहाव्या पेटीचं झाकण लावताना मावशीच्या लक्षात आलं की दोन चकत्या कमी आहेत. तिनं टेबल बघितलं, कात्री उलटी करून बघितली, डिंकाच्या डब्याचं झाकण बघितलं. मग जमीन चाचपायला पट्टी घ्यावी म्हणून हात पुढे केला, तर पट्टी जागेवर नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. पट्टी फळीवर होती. चकत्या हिलाच चिकटून आल्या असणार म्हणून उलटून बघितली, तर खालची बाजू कोरी होती. जेवणाच्या टेबलाखाली मुंगी पातेल्यावर वेगवेगळी झाकणं बसवून बघत होती. मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसली. आवाज चढवायचा नाही, घाबरली तर सांगणार नाही, एवढं तिला सुचलं. पट्टीवर काही होतं का गं, तिनं विचारलं.

"चमचम," मुंगी म्हणाली.

"कुठंय चमचम?"

मुंगीनं पोटावर हात ठेवला.

किती खाल्ल्या म्हटल्यावर तिनं दोन बोटं दाखवली. आता पंचाईत अशी की घरातल्यांनी तिला नुकतंच शिकवलं होतं, किती वर्षांची विचारलं की दोन बोटं दाखवायची. तेव्हापासून किती हा शब्द कानावर पडला की तिची दोन बोटं वर व्हायची. किती पोळ्या, दोन. किती काका, दोन.

मावशीनं काकांना टॅक्सी बघायला पाठवलं आणि ताईला फोन केला. मुंगीला काहीही खायला-प्यायला देऊ नका, असं काकांना दोनदा बजावलं, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, हे तिला स्वतःच्या ऑपरेशनमुळे माहीत होतं. निघताना तिनं तशाच चार चकत्या घेतल्या, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून पिशवीत टाकल्या, आणि का कोण जाणे, पुठ्ठ्याचा एक नुसता तुकडाही घेतला.

जवळच्या दवाखान्यात त्या दिवशी एक तरुण डॉक्टर होता. सकाळपासून उभा असावा, डोळ्यांवरून दिसत होतं. त्यानं मुंगीचं पोट दाबून बघितलं. मुंगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. एक्स-रे काढला. त्यात पोटाच्या डाव्या बाजूला एक स्वच्छ पांढरा गोल दिसत होता. एकच. डॉक्टर म्हणाला, मुलं नाणी गिळतात तसंच हे, दोन-तीन दिवसांत आपोआप बाहेर पडेल, पोट दुखलं तर या.

तोवर ताई धापा टाकत पोचली होती. तिनं हे ऐकलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

मावशी म्हणाली, दोन कमी आहेत. डॉक्टर म्हणाला, दुसरी घरातच कुठेतरी पडली असेल, फोटोत एकच आहे. मावशी म्हणाली, समोरून बघितलं तर एकीमागची दुसरी दिसणार नाही, बाजूनं एक फोटो काढा. डॉक्टरनं समजावलं की एवढ्या लहान मुलाचे उगाच फोटो काढत नाहीत. ते बरोबरच होतं. ताईला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचाच होता.

"आई, डॉक्टर सांगतायत ना," ती म्हणाली.

मावशीनं पिशवी उघडली. आतून तिनं पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्याच्या एका अंगाला एक चकती धरली, दुसऱ्या अंगाला दुसरी जवळ नेली. दोघी पुठ्ठा मध्ये घेऊन चपकन बसल्या. तो तुकडा तिनं डॉक्टरच्या हातात दिला.

"हा दोन मिलिमीटरचा पुठ्ठा आहे," ती म्हणाली. "ह्याच्या जागी तिच्या पोटाची कातडी असली तर? दोन्ही एकदम गिळल्या असतील तर एकमेकींना चिकटून निघून जातील. एक आधी आणि एक नंतर गिळली असेल, तर ह्या अशा बसतील, आणि सुटणार नाहीत."

डॉक्टरनं चकत्या सोडवायचा प्रयत्न केला. नखं घातली, ओढून बघितलं. नाही जमलं. तो उठून आत गेला आणि बाजूनं फोटो काढायला सांगितलं.

त्या फोटोत दोन बारीक रेघा होत्या, एकमेकींना समांतर, आणि त्यांच्यामध्ये फट होती. मावशीनं अर्धं आयुष्य अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची मापं नजरेनं घेतली होती. डॉक्टर बोलायच्या आधीच तिला कळलं.

"मध्ये काहीतरी सापडलंय," ती म्हणाली.

डॉक्टर हो म्हणाला. मग मात्र त्यानं वेळ घालवला नाही. मोठ्या रुग्णालयात स्वतः फोन लावला, गाडी मागवली, चिठ्ठी लिहून दिली. तिथे चारच्या आत मुंगीला भूल देऊन दुर्बिणीनं तपासायला घेतलं. आत नेण्याआधी तिथल्या डॉक्टरबाईंनी चकती बघायला मागितली आणि ताकद किती म्हणून विचारलं. मावशीला आकडा सांगता येईना. ती एवढंच म्हणाली की ओढू नका, ओढल्यानं सुटत नाहीत, बाजूला सरकवा. बाईंनी ते ऐकून घेतलं. त्याचा आत काही उपयोग झाला की नाही, हे मावशीनं कधी विचारलं नाही.

पाऊण तासानं दोन्ही चकत्या एका डबीत घालून बाहेर आणल्या. जठराच्या आतल्या घडीचा एक चिमटा दोघींच्या मध्ये सापडला होता आणि तेवढी जागा पांढुरकी पडली होती. भोक पडलं नव्हतं. दोन दिवस गेले असते तर पडलं असतं, असं डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. मुंगी रात्रभर रुग्णालयात राहिली, दुसऱ्या दिवशी घरी गेली आणि आठवड्यानं पूर्ववत झाली.

ताई आईवर एका शब्दानंही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मावशी मला म्हणाली. ताईनं पोस्टातून दोन महिन्यांची रजा घेतली आणि मुंगीला आपल्याजवळ ठेवलं. फोन रोज करायची, मुंगीचा आवाज ऐकवायची, पण घरी यायचा विषय काढत नव्हती. काका पट्टी आपण मागितली म्हणून स्वतःला बोल लावत बसले. मावशी म्हणाली, पट्टी तुम्ही मागितलीत, पण उलटून न बघता दिली मी. त्यावर त्या घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

पहिले पंधरा दिवस तिनं चकत्यांचा डबा उघडलाच नाही. घड्याळवाल्याला सांगितलं, ह्यापुढे फितीच्या गाठीची झाकणं करीन. तो म्हणाला, मग मला दुसरीकडे बघावं लागेल. ती घरी येऊन खूप वेळ कटरजवळ उभी राहिली. काम सोडायचं की काम करायची रीत बदलायची, एवढाच प्रश्न होता, आणि सोडणं तिला येत नव्हतं.

सुताराकडून तिनं लाकडाची एक फळी करून घेतली, आठ खळग्यांची. एका वेळी आठच चकत्या बाहेर, एका खळग्यात एक, आणि खळगे भरल्याशिवाय किंवा चकत्या पेटीत बसल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. स्टीलची पट्टी देऊन टाकली, ॲल्युमिनियमची आणली, तिला चुंबक धरत नाही. खोलीतून बाहेर पडताना कात्री, सेफ्टी पिना, चपलांचे तळ सगळं तपासायचं. काका दारात हात वर करून झडती द्यायचे.

आणखी एक गोष्ट तिनं बदलली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या पेट्या कुठल्या घरात जातात, तिथे काय होतं, ह्याचा तिनं आधी कधी विचार केला नव्हता. आता चकतीवर नुसता कागद न चिकटवता ती खाली बांधणीचं कापड लावते आणि प्रत्येक पेटीचा तो कोपरा नखानं उचकटून बघते. तान्ह्या मुलांच्या कपड्यांचं एक दुकान आहे, त्यांनी टक् करून बसणाऱ्या तीनशे पेट्या मागितल्या. तिनं नाही म्हटलं. इतक्या वर्षांत एवढं मोठं काम आलं नव्हतं. खाचेत अडकणारं झाकण करून दाखवलं, ते त्यांना पसंत पडलं नाही, आणि काम गेलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं ते उगाळलं नाही.

रजा संपत आली तेव्हा एका रविवारी ताई एकटीच आली. चहा घेतला आणि खोली दाखव म्हणाली. मावशीनं कडी काढली. ताईनं फळी बघितली, खळगे मोजले, खाली वाकून टेबलाखाली हात फिरवला. मावशी दारात उभी होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"आई, इथे नाही ठेवणार मी तिला," ताई म्हणाली. "मला जमणार नाही."

मावशी ठीक आहे म्हणाली.

"तू आमच्याकडे येशील का? सोमवार ते बुधवार. मी पुन्हा कामावर जायला लागेन."

मावशीनं घड्याळवाल्याचं काम किती दिवसांत बसवता येईल याचा मनातल्या मनात अंदाज घेतला, आणि येते म्हणाली. तेव्हापासून सोमवारी सकाळी ती आंघोळ करून धुतलेले कपडे घालते, पिशवी पलंगावर उपडी करून झटकते आणि साडेसातच्या बसनं लेकीकडे जाते. पेट्या गुरुवारपासून.