अल्बनीतले शपथेचे भाऊ

ईस्ट टामाकीच्या गोदामात पॅकिंग करून घरी आलो, की खिशात थर्मोकोलच्या दोन-चार गोळ्या सापडायच्याच. कितीही झटका, उरतातच. आमच्या क्लबाचे किस्से तसेच. सांगायचे नाहीत असं ठरवतो आणि चहा आला की बाहेर पडतात.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी परदेशात, अल्बनीला ताई-भावोजींकडे राहायचो. शाळा नववीनंतर सुटलेली, चारचौघांत बोलायची भीती. शेजारचा सिओने, मूळचा टोंगाचा, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर शिकायचा. "चल आमच्या सगळ्या देशांच्या मुलांच्या क्लबात!" म्हणाला.

"अरे, मी स्टुडंट नाही!"

"स्वीट ॲज!" म्हणजे तिथल्या बोलीत 'चालतंय की!' विषय संपला.

* * *

पहिल्याच दिवशी स्वागताला मेरेच्या आजी आल्या होत्या. मेरे ही आमची अध्यक्ष, त्या देशातल्या मूळच्या माओरी लोकांतली. आजी त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या नाकाला नाक लावत पुढे येत होत्या. अहो, नाक! माझी पाळी आली आणि घाबरून मी एकदम पाया पडायला वाकलो. आजी त्याच क्षणी पुढे झुकल्या. माझं टाळकं थेट त्यांच्या हनुवटीवर!

मी गार. आजी हनुवटी चोळत म्हणाल्या, "पोरा, नाक वर असतं!"

* * *

एकदा दमून जेवणाच्या टेबलावर टेकलो, तर मेरे कडाडली, "ऊठ! जेवायच्या जागी बूड टेकतोस?" भांडी पुसायची फडकी कपड्यांबरोबर धुवायला टाकली म्हणून सिओनेलाही झापलं.

मी थक्क. एवढ्या लांब आलो, तर सोवळं माझ्याआधी येऊन बसलेलं!

* * *

मग अमेरिकेहून वर्षभरासाठी टायलर आला. "आमच्याकडे कॉलेजात शपथ घेऊन एकमेकांचे भाऊ होतात, ती मुलांची फ्रॅटर्निटी; बहिणी होतात, ती मुलींची सोरॉरिटी. इथे सगळ्या देशांची मिळून काढू!"

मेरे म्हणाली, "चालेल. मुलं वेगळी झाली, की मुलांनी आपली भांडी आपण घासायची."

लगेच ठरलं, मुलामुलींची एकच!

आत यायचं तर परीक्षा. टायलरनं दरडावून सांगितलं, "आठवडाभर नव्यांनी सीनियर्सच्या बॅगा उचलायच्या. आधी त्यांना वाढायचं, मग आपण जेवायचं. उलट बोलायचं नाही!"

कोरियाच्या मिन्होनं हात वर केला. "मग यात परीक्षा कुठली?"

टायलर माझ्याकडे वळला. "तू तरी घाबरलास ना?"

"नाही," मी म्हणालो. "भावोजींकडे रोजचंच आहे."

* * *

शपथ मात्र पडदे ओढून, मेणबत्तीवर हात धरून घेतली. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही! घरी पोचतोय तर भावोजी दारात. "काय, झाली शपथ?"

मी उडालोच. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डेअरीवाल्यानं. दूध आणायला गेलो होतो. सिओनेच्या आईनं अख्ख्या चर्चला प्रार्थना करायला लावलीय म्हणे, मेणबत्तीनं तुमचे हात भाजू नयेत म्हणून!"

* * *

वर्ष संपताना युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या एक बाई मीटिंगला आल्या. नवा नियम होता: क्लबात फक्त स्टुडंट. बाहेरचा एकही असला तर कॅम्पसवरची खोली काढून घेणार.

"इथे कुणी बाहेरचं आहे का?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

सगळे जमिनीकडे बघत बसले. या मुलांशिवाय त्या देशात माझा एकही मित्र नव्हता. पण माझ्यापायी त्यांची खोली जायला नको. उभा राहिलो.

"मी आहे. नववीनंतर शाळा सोडली. गोदामात पॅकिंग करतो. मी जातो."

सगळ्यांसमोर एवढं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. दारापाशी जाऊन बूट घालायला लागलो, तर मागून मेरेचा आवाज आला. "क्लब आत्ताच्या आत्ता बरखास्त करावा, असा ठराव मांडते. कोण कोण बाजूनं?"

वळून पाहिलं तर सगळे हात वर! टायलरचे तर दोन्ही.

बाई गडबडल्या. "अगं, पण मग तुम्ही सगळे जाणार कुठे?"

मेरेनं माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, तुझ्या ताईचं गॅरेज केवढं आहे?"