पुंगळ्यांत डोकावणारी

मी फार शिकलेलो नाही. न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात लेथवर हयात गेली. तिथल्या फोरमनच्या नादानं नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या मंडळात, जायला लागलो, तो तिथलाच झालो. रायफल लिव्हरची. खालचा दांडा ओढला की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस वर येतं. उडालेल्या पितळी पुंगळ्या मी वेचून आणायचो आणि तळघरात बंदुकीची दारू घालून पुन्हा भरायचो. रीतसर परवाना काढून.

बायको म्हणायची, "लोक जंगलात मशरूम वेचतात, आमचे हे पितळ वेचतात."

पण मी भरायला बसलो की विजेरी घेऊन खाली यायची. दारू मापताना अवाक्षर बोलायचं नाही, हा नियम तिचाच. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून मी एकेकीत मापानं दारू घालायचो. मग ती प्रत्येकीत उजेड पाडून बघायची, पंगतीत वरण सगळ्यांना सारखं पडलंय का बघावं तसं. एकीत दोनदा पडली तर रायफल तोंडावर फुटते. पातळी सारखी दिसली की म्हणायची, "अहो, लावा आता." मगच मी गोळ्या बसवायचो, चपट्या नाकाच्या. या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्याच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर आपटली तर नळीतच धडाका.

हिवाळ्यात ती गेली. डार्मश्टाटची मुलगी फोनवर जर्मनमध्ये म्हणाली, बाबा, तयार विकत घ्या. तयार मिळतात, ते काय मला माहीत नाही? मला तळघरात तसं बसायचं होतं.

परवा सकाळी बसलो. ठोकळा भरला आणि नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळानं कळलं, मी "लावा आता"ची वाट बघतोय.

मग विजेरी मीच घेतली. डोळे अधू. सगळ्या सारख्या वाटल्या, लगेच एक जास्त वाटली. शंका आली की सगळं ओतून पुन्हा, असा रिवाज. ओतलं. पुन्हा भरायला घेतलं, तर मन दवाखान्यातल्या तिच्या खाटेपाशी. या पुंगळीत घातली की नाही? पुन्हा ओतलं. एकदा मनात आलं, पडली असेल दोनदा तर पडू दे, फुटू दे. पण फेराइनमध्ये शेजारी दुसरी माणसं उभी असतात. त्यांनी काय बिघडवलंय माझं?

दारूचा डबा फेराइनमधल्या एका परवानेवाल्याला देऊन टाकला. का, म्हणून त्यानं विचारलं.

"बघायला कोणी नाही."

"हो, हो," म्हणाला आणि डबा घेऊन गेला. त्याला वाटलं, डोळ्यांचं बोलतोय.

पुंगळ्या ठोकळ्यात तशाच उभ्या आहेत. विजेरीही खालीच आहे. सेल काढून ठेवायला हवेत, आत गळतात. खाली जाववत नाही.