तिला इल्फर्डपर्यंत सोडायला

ती ब्रिस्टलला गेल्यापासून मी लंडनमध्ये पायी हिंडायचं सोडून दिलं, असं मी लोकांना सांगते. साफ खोटं आहे ते. शनिवार उजाडला की मी शूज घालून तयार असते. पण एकटीनं चालायला लागलं की हे शहर संपता संपत नाही. तेच रस्ते, तेच सिग्नल, आणि शेजारी कोणी नाही. मग मी मध्येच कुठेतरी वैतागते, बस पकडते आणि घरी येते.

ती म्हणजे माझी मैत्रीण. पुण्यात मेडिकलला आम्ही एका बाकावर बसलो आणि लग्नं करून मागेपुढे इकडे आलो. ती लहान मुलांची डॉक्टर, मी भूल देणारी. तिचं घर इल्फर्डला, माझं पिनरला. म्हणजे ती लंडनच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. भेटायचं तर अख्खं शहर ओलांडायला लागायचं, आणि तेही जमिनीखालून. कितीतरी वर्षं आमचं लंडन म्हणजे नुसती भोकं होती. एका भोकातून आत शिरायचं, दुसऱ्यातून वर यायचं, मधे काय आहे ते देव जाणे. भारतातून पाहुणे आले आणि विचारलं, इथून नदी किती लांब हो, की आम्ही स्टेशनं सांगायचो. अंतर आम्हालाच कुठे ठाऊक होतं!

एका शनिवारी आम्ही लिव्हरपूल स्ट्रीटला जेवलो आणि बाहेर येतो तो ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, संप सुरू झालेला. आम्ही दोघी शहाण्या, बातम्या ऐकायला विसरलेल्या. माझी गाडी म्हणे फक्त बेकर स्ट्रीटपासून पुढे मिळणार होती.

"चल, तुला सोडते," ती म्हणाली.

"कुठे?"

"बेकर स्ट्रीटला."

"चालत? डोकं फिरलंय का तुझं?"

पण सोडायला जाणं आमच्या हाडात मुरलेलं. पाहुण्याला दारातूनच वाटेला लावलं तर आमच्या आयांनी आम्हाला उभं-आडवं घेतलं असतं. आधी दारापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. आणि आपल्याकडे खऱ्या गप्पांना तोंड फुटतं ते पायात चपला घातल्यावरच. तर ती मला सोडायला निघाली. क्लार्कनवेल, ब्लूम्सबरी करत आम्ही बेकर स्ट्रीटला पोचलोसुद्धा, आणि मला धक्काच बसला. ज्या ठिकाणांसाठी मी जन्मभर गाड्या बदलल्या, ती चक्क एकमेकांच्या कोपऱ्यावर होती! ट्यूबचा नकाशा काढणाऱ्याला मी त्या दिवशी मनसोक्त शिव्या घातल्या. मग तिला एकटीला परत कसं पाठवायचं? म्हणून मी पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत तिला सोडायला गेले. संध्याकाळी घरी हे म्हणाले, "तुम्ही दोघींनी एकमेकींना सोडलंत, की लंडनला प्रदक्षिणा घातलीत?"

तेव्हापासून आमचे शनिवार ठरून गेले. लिव्हरपूल स्ट्रीटला भेटायचं आणि तिनं मला बेकर स्ट्रीटला सोडायचं. कधी सरळ रस्त्यानं, कधी गल्लीबोळांतून, थंडीत मफलर गुंडाळून. चालण्याचं एक बरं असतं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायला लागत नाही. दोघी समोर बघत चालायचो आणि जे फोनवर जमत नाही ते बोलून टाकायचो. तिच्या नवऱ्याचे रिपोर्ट वाईट आले ते तिनं मला एका सिग्नलला उभं असताना सांगितलं, हिरवा माणूस लागेपर्यंतच्या वेळात. त्याच दुखण्यात ते गेले. पुढे माझे हे गेले, तेव्हा मला रडू येत नाही, नुसता राग येतो, हे मी तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "मग चिडू या." आणि त्या दिवशी आम्ही दोघी वाटेतल्या प्रत्येक गोष्टीवर चिडत चालत राहिलो. सायकलवाल्यांवर, कबुतरांवर, कॉफीच्या दुकानांवर. घरी पोचले तेव्हा मला भूक लागली होती. कित्येक दिवसांनी.

बसमध्ये हे जमत नाही. एकदा पाय दुखले म्हणून आम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलो आणि एका ओळखीच्या बाईंच्या जावयाची यथेच्छ उणीदुणी काढली. उतरताना पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, जावई तसलेच असतात." अस्सल नागपुरी! आम्ही जिन्यावरून धडपडतच खाली आलो. तेव्हापासून ठरलं, मनातलं काही असेल तर ते पायी.

मग तिचा गुडघा बिघडला. त्यातच रेल्वेची ती नवी जांभळी लाइन सुरू झाली, इल्फर्डहून चुटकीसरशी शहरात. सगळे खूश, मी सोडून. गाडी जितकी लवकर पोचते, तितकी ती लवकर परत जाते, एवढंच मला कळत होतं.

आणि एक दिवस तिनं फोनवर सांगितलं, की ती इल्फर्डचं घर विकून ब्रिस्टलला लेकीकडे चाललीय. लेक तिथे इंजिनियर, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात दोन लहान पोरं. फोन लेकीनंच घेतला नंतर आणि आपल्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, आई माझ्याकडे आला की तू पण ये हं. लॉट्स ऑफ स्पेस आहे." मी हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि किचनमध्ये उभी राहून मोठ्यानं म्हणाले, अगं, ब्रिस्टल म्हणजे नुसते चढ! त्या गुडघ्यानं चढणार कशी?

खरं तर मला वेगळंच म्हणायचं होतं. माझ्या घरी ये. पिनरला. ह्यांच्या आजारपणात खालच्या मजल्यावर बाथरूम करून घेतली होती, तिला जिना चढायलाच लागला नसता. खोली रिकामी, बाग रिकामी, सकाळचा चहा एकटीचा. लेकीला भेटायला हवं तेव्हा जा, पण राहा माझ्याकडे. एवढं साधं वाक्य, पण फोनवर तोंडातून निघेना. म्हटलं, शेवटच्या शनिवारी विचारू, चालता चालता.

शनिवारी लिव्हरपूल स्ट्रीटला भेटलो तर ती लंगडत आलेली. "आज बस," ती म्हणाली, "वरची, पुढची सीट. लहान मुलांसारखं बसू." माझं तोंड उतरलं, पण नाही कसं म्हणणार? बसमध्ये तिनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. खाली सगळं आमचंच, पायाखालचं. ती बोटानं दाखवत होती, इथे तू घसरलीस, इथे आपण भांडलो. मागे शाळेतली पोरं कोकलत होती. मी पुरी चावत बसले होते आणि वाक्य घशाशी येऊन परत जात होतं. इतकं ट्रॅफिक असूनही बेकर स्ट्रीट कधी आलं कळलं नाही.

उतरल्यावर मी म्हटलं, "आज मी तुला सोडते. इल्फर्डपर्यंत."

"वेडी आहेस का? तिथून पिनर म्हणजे..."

"पास आहे ना म्हातारपणाचा? गप चल."

गाडीत आम्हाला सीट मिळाल्या त्या वेगवेगळ्या. मधे माणसं उभी. मला तिचा नुसता केसांचा पांढरा भांग दिसत होता. इल्फर्डला उतरलो. मला परतीची गाडी पलीकडच्या फलाटावरून. ती म्हणाली, "चल, तुला पलीकडे सोडते." लिफ्टनं वर गेलो, लिफ्टनं खाली आलो आणि बाकावर टेकलो. दोघींची तोंडं रुळांकडे. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी घसा साफ केला.

"नको विचारूस," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायला इथपर्यंत आलीस ते. मला सकाळपासून कळतंय. तू विचारलंस तर मी हो म्हणेन गं." रुळांवरची नजर तिनं काढली नाही. "आणि मग तिकडे माझी पोर एकटी दोन मुलांना घेऊन काय करेल?"

आयुष्यभर मी माणसांना म्हणत आले, काही दुखणार नाही हं, दहापासून उलटे आकडे मोजा. त्या बाकावर मला कोणी तसं म्हणायला हवं होतं. मी तिचा हात धरला. तिचा हात गरम होता, माझा गार.

गाडी आली. मी उठले नाही. दारं मिटली, गाडी गेली. पुढची आली, तीही जाऊ दिली. तिसरी आली तेव्हा तिनं माझा हात सोडवला आणि मला जवळजवळ ढकललंच.

"जा आता," ती म्हणाली. "नाहीतर मीच विचारीन."

मी गाडीत चढले.