वाळ्याच्या पडद्याआडची दुपार

भुताखेतांच्या, साक्षात्काराच्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. हायस्कुलात सायन्स शिकवणारा माणूस मी... मुलांनी असलं काही विचारलं तर हसण्यावारी नेत असे. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहितो आहे.

१९३०च्या सुमारास सोलापुरात मी एका चाळीत राहत होतो. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खटखटाट. एरवी त्याची सवय झाली होती. त्या एप्रिलात मात्र वैरागहून सासऱ्यांचं पत्र आलं — सुशीलेचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, ताप आठ दिवस उतरलेला नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून दिल्याशिवाय मला निघता येत नव्हतं, आणि घरी बसून चित्त लागेना.

पेपरांचं गाठोडं घेऊन शांत जागा शोधत निघालो. बाजारामागच्या बोळात एक छोटं चहाचं हॉटेल दिसलं. चार टेबलं, दाराला वाळ्याचा ओला पडदा. मालक मल्लप्पा, वयस्कर, अक्कलकोटकडचे.

"बसा की मास्तर. हितं गार हाय. कितीबी वेळ बसा."

त्यांनी दोन कप चहा आणून ठेवला. माझा थकलेला चेहरा बघून एक जादा दिला असेल, असं वाटलं. थोड्या वेळानं खिडकीचा पडदाही त्यांनी खाली सोडला. पाच वाजेपर्यंत मी मान वर केली नाही... फार दिवसांनी इतकं निवांत वाटत होतं.

निघताना मल्लप्पा म्हणाले, "बाई पुढं गेल्या का? च्याला शिवल्याबी न्हाईत."

"कोण बाई?"

"तुमच्यासमोर बसल्या हुत्या की. हिरवं लुगडं, हनुवटीला गोंदण. पदरानं वारा घालत हुत्या तुमाला. बाईमाणूस बसलंय म्हणून तर म्या खिडकीचा पडदा सोडला."

हिरवं लुगडं कुणाचंही असेल. पण हनुवटीवर गोंदण सुशीलेच्या होतं.

मी गाठोडं उचललं. पेपर शाळेत दिले आणि सकाळच्या पहिल्या मोटारीनं वैराग गाठलं. रस्ताभर नको ते मनात येत होतं.

सुशीला अंथरुणात बसून पेज खात होती. आदल्या दिवशी पाचच्या सुमारास ताप उतरला होता. सासूबाई बाहेर जाताच ती हळूच म्हणाली, "काल दुपारी तुम्ही वाळ्याच्या पडद्याशी बसला होता ना? एका मुलाला तीस मार्क दिलेत. मग कितीतरी वेळ टाक हातात धरून बसलात, आणि खोडून पस्तीस केलेत."

ते मी केलं होतं. कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तू तिथं कशी आलीस?"

"ते मला कुठं ठाऊक... तुम्ही फार एकटे दिसत होता, म्हणून बसले."

तापात स्वप्न पडलं म्हणावं, तर मल्लप्पांनी काय पाहिलं? आता काही वर्षं झाली, विचार करून थकलो. उत्तर सापडलेलं नाही. सुशीलेला त्याचं नवल वाटत नाही. मी मात्र कुठंही एकटा बसलो, तरी समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवत नाही.